बिरगंजचं तेल, अमडापूरचं सोयाबीन

पोतं काट्यावर चढवायच्या आधी मी त्यात टोचणी खुपसून मूठभर दाणे काढतो आणि चार दाणे दाताखाली धरतो. कडकन फुटले तर हवा दहा-अकरा, दबले तर चौदाच्या पुढं. ओलावा मोजायचं मशीन आहे, ते नंतर लावतोच. पण माल घेऊन आलेला माणूस मशीनपेक्षा माझ्या तोंडाकडं जास्त बघतो. त्याला काय कळायचं ते तिथंच कळतं.

अमडापुरात माझा खेडा खरेदीचा धंदा आहे. चिखली तालुक्यातलं, चिखली-खामगाव रस्त्यावरचं हे गाव. बाहेरच्यांना माहीत असतं ते बल्लाळदेवीमुळं. दोन गाळे, एक काटा, एक चाळणी. आसपासच्या खेड्यांतलं सोयाबीन, तूर, हरभरा घ्यायचा आणि गाडी भरली की प्लांटला पाठवायची. घरची थोडी शेतीही आहे. त्यामुळं भाव पडला की शेतकरी म्हणून एक मार बसतो, आणि माल गाळ्यात पडून असेल तर व्यापारी म्हणून दुसरा.

"काउन पडला हो भाऊ?" हा प्रश्न हंगामात दिवसभर चालतो. "वरूनच पडला" हे आम्हा व्यापाऱ्यांचं ठरलेलं उत्तर. खोटं नाही ते, पण अर्धवट आहे. वर म्हणजे कुठं, हे कोणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत बसत नाही. वर म्हणजे शिकागोचा वायदा, वर म्हणजे दिल्लीची अधिसूचना, आणि वर म्हणजे बिहारातल्या रक्सौलच्या पलीकडचं, नेपाळातलं बिरगंज. हे शेवटचं नाव घेतलं की गाळ्यात बसलेली मंडळी हसतात. नेपाळात कुठं सोयाबीन पिकतं? डोंगरात थोडंफार पिकतं, ते भाजून खाण्यापुरतं. तरीही सोयातेल ही नेपाळची एक नंबरची निर्यात ठरलेली आहे, आणि ते जवळजवळ सगळं आपल्याकडं येतं.

हे कसं होतं ते समजायला आधी दाण्याचा हिशेब बघावा लागतो. सोयाबीनला तेलबी म्हणतात खरं, पण क्विंटलातून तेल निघतं जेमतेम १८ किलो. बाकी ८०-८२ किलो पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात. ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेल किलोमागं दहा रुपयांनी उतरलं तर क्विंटलामागं १८० रुपये गेले. पेंड किलोमागं पाचच रुपयांनी उतरली तर चारशे गेले. प्लांटवाला रोज भाव काढतो तो या दोन आकड्यांवरून, आणि तोही १०-२-२ च्या मालाला: हवा दहा टक्के, माती-काडीकचरा दोन, डागी दोन. त्यापुढं जेवढं असेल तेवढी कपात. शेतकऱ्याला वाटतं की कपातीत मी त्याला मारतो. कपातीत काही माणसं मारतातही, ते नाकारत नाही. पण मोठा मार तिथं नसतो.

तेल बाहेरून येतं आणि पेंड बाहेर जाते. भारत निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो, वर्षाला दीड कोटी टनांच्या वर. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनमधून. हे तेल फुकटात आत आलं तर आपल्या सोयाबीनला कोण विचारणार? म्हणून सरकार आयात शुल्क लावतं. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं आणि रिफाइंडवरचं साडेबारावरून साडेबत्तीस. सेस वगैरे धरून कच्च्यावर २७.५ आणि रिफाइंडवर ३५.७५ टक्के. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्या बराच खाली चालला होता. शुल्क वाढल्याची बातमी आली तसा बाजार थोडा हलला. पुष्कळांनी माल घरातच ठेवला, आता भाव चढणार म्हणून. तो काही चढला नाही.

कारणं अनेक होती. जगात सोयाबीन भरपूर पिकलं होतं. शिवाय मका-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा खाऊ लागला होता. तो स्वस्त पडतो. यात बिरगंजचाही वाटा होता, आणि तो वाटा कराराचा.

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादच्या सार्क परिषदेत झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या मालावरचं शुल्क उतरवत न्यायचं, आणि ज्या मालाला सूट द्यायची नाही त्याची यादी प्रत्येकानं वेगळी ठेवायची, अशी त्याची रचना. नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवच्या परिषदेत मनमोहन सिंगांनी मोठं मन दाखवलं: सार्कमधल्या अल्पविकसित देशांसाठी भारताची ही यादी ४८० वस्तूंवरून २५ वर आणली. उरल्या त्या दारू-तंबाखूच्या वस्तू. बाकी नेपाळ, बांगलादेश, भूतान यांचा माल भारतात शून्य शुल्कानं. नेपाळशी आपला वेगळा व्यापार करारही आहे, त्यातही अशीच सवलत आहे. शेजारी गरीब असेल तर त्याला दार उघडं ठेवावं, यात गैर काही नाही. तेव्हा तेलाचा विचार फारसा कोणी केला नसावा.

आता बघा काय होतं. अर्जेंटिनाचं कच्चं सोयातेल कोलकाता-हल्दियाच्या बंदरात उतरतं. नेपाळला समुद्र नाही, म्हणून ते भारताच्याच भूमीवरून पुढं नेपाळात जातं. तिकडं बिरगंज-विराटनगरच्या पट्ट्यातल्या रिफायनऱ्यांत शुद्ध होतं आणि रक्सौल-जोगबनीच्या नाक्यांवरून माघारी भारतात येतं. एकच तेल भारतातून दोनदा जातं. पहिल्यांदा परक्याचं म्हणून, दुसऱ्यांदा शेजाऱ्याचं म्हणून. समजा कच्चं तेल शंभर रुपयांचं आहे. सप्टेंबर २०२४ च्या दरानं सरळ भारतात उतरवलं तर सरकार २७ रुपये ५० पैसे घेणार. नेपाळमार्गे आलं तर भारताच्या नाक्यावर काही नाही. नेपाळची स्वतःची पट्टी, वाहतूक आणि शुद्धीकरण वजा जाता उरतं ते व्यापाऱ्याच्या खिशात. स्पर्धा वाढली की त्यातला काही भाग किमतीत उतरतो, आणि मग बिहार-उत्तर प्रदेशातल्या बाजारात देशी तेलाला ते खाली ओढतं.

करार करणारे इतकेही भोळे नव्हते. परक्याचा माल शेजाऱ्याच्या नावानं येऊ नये म्हणून करारात उगमाचे नियम असतात. साफ्टाचा ढोबळ नियम दोन अटींचा: अल्पविकसित देशानं मालाच्या किमतीत निदान ३० टक्क्यांची भर आपल्याकडं घालायची, आणि बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचं सीमाशुल्काच्या यादीतलं चार आकडी शीर्षक तयार मालात बदललेलं असायला हवं. सोयाबीनचा दाणा येतो १२०१ मध्ये, त्याचं तेल १५०७ मध्ये. दाणा आणून गाळला तर शीर्षक बदललं. पण कच्चं सोयातेलही १५०७ आणि रिफाइंडही १५०७. पामतेलाचं तसंच, दोन्ही १५११. म्हणजे कच्चं आणून नुसतं शुद्ध केलं तर कागदावर तरी ते या अटीत बसत नाही. नेपाळी गिरणीवाले म्हणतात आम्ही भर घालतो, आमच्याकडं प्रमाणपत्र आहे. आपल्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशननं आणि इंदूरच्या सोयाबीन प्रोसेसर्सच्या संघटनेनं दिल्लीला पुन्हा पुन्हा लिहिलं, की हे प्रमाणपत्र तपासा.

तपासलं गेलं नाही असं नाही. जानेवारी २०२० मध्ये रिफाइंड पामतेल ‘प्रतिबंधित’ यादीत गेलं, म्हणजे परवान्याशिवाय आयात नाही. मे महिन्यात नेपाळ-बांगलादेशातून आणायचे ३९ परवाने थांबवले गेले. २१ सप्टेंबर २०२० पासून नवे सीमाशुल्क नियम आले: माल कुठं, कसा तयार झाला याची माहिती आयातदारानं स्वतःकडं ठेवायची, नुसत्या प्रमाणपत्रावर भागणार नाही. नियम चांगले होते. पण त्याच सुमारास, नेपाळच्या २०२०-२१ या आर्थिक वर्षात, सोयातेल त्या देशाची सगळ्यात मोठी निर्यात झालं. कागद कडक झाले आणि टँकर वाढले.

यातली मेख मला उशिरा उमगली. धुऱ्याला खेकड्याचं बीळ पडलेलं असेल आणि आपण बिळाकडं न बघता धुरा उंच करत गेलो, तर पाणी जास्त तुंबतं आणि बिळातून जास्त जोरानं जातं. शुल्काचं तेच. आमच्यासाठी म्हणून शुल्क वाढवलं की नेपाळमार्गे आणणाऱ्याची कमाई त्याच दिवशी वाढते. २०२४ च्या सप्टेंबरनंतर तिकडून येणारं तेल एकदम वाढलं, ते यामुळं. आणि शुल्क उतरवलं तर? ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० वर आणलं, एकूण १६.५ टक्के. नेपाळचा फायदा त्यानं कमी झाला खरा, पण आमचा आडोसाही तेवढाच गेला. पेरणीला पंधरा दिवस होते. बियाणं-खत घरात येऊन पडलेलं होतं.

असं पूर्वीही झालेलं आहे. श्रीलंकेशी आपला मुक्त व्यापार करार मार्च २००० पासून लागू झाला आणि काही वर्षांत तिथं वनस्पती तुपाचे कारखाने उभे राहिले. त्यांचा कच्चा माल बाहेरचं पामतेल, आणि बाजार मात्र भारत. शेवटी भारतानं वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घातली. नेपाळच्या तेलालाही तशी मर्यादा घालून ते सरकारी संस्थेमार्फतच आणावं, असं काही जण म्हणतात. मला ते पटतं. दार बंद होत नाही आणि टँकर मोजता येतात.

पेंडीची गोष्ट मात्र याहून कडू आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अकोला-वाशिमकडच्या बाजारांत सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. पेपरात फोटो आले. कोणाच्या घरात होतं तेव्हा सोयाबीन? आमच्या भागातला माणूस दिवाळीआधीच विकून मोकळा होतो. दुकानदाराची उधारी, पीककर्ज, लेकराची फी. पण पोल्ट्रीवाल्यांचं खाद्य महागलं होतं, त्यांची ओरड दिल्लीत पोचली. २४ ऑगस्टला अधिसूचना निघाली: जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी. आपल्याकडं असं सोयाबीन पेरायला बंदी आहे, हे इथं लक्षात ठेवा. पेरायला चालत नाही, दळून आलेलं चालतं.

ही पेंड उतरवायला सुरुवातीला दोनच ठिकाणं दिली होती. एक न्हावा शेवा बंदर, ते समजण्यासारखं आहे. दुसरं पश्चिम बंगालातलं पेट्रापोल. पलीकडं बेनापोल, म्हणजे बांगलादेश. त्या देशातही सोयाबीन नावापुरतं पिकतं. तिथल्या गिरण्या बाहेरचा दाणा आणून गाळतात. पण दाण्याची पेंड झाली की शीर्षक बदलतं, म्हणून साफ्टाच्या सवलतीला ती पात्र होते. एरवी पेंडीवर १५ टक्के शुल्क, बांगलादेशातून शून्य. ज्या देशाला आपण वर्षानुवर्षं पेंड विकली तोच आपल्याला पेंड पाठवू लागला. मग तिथल्या कोंबडीवाल्यांनी आणि दूधवाल्यांनी ओरड केली की आमची पेंड भारतात चालली, आम्ही काय चारायचं? ऑक्टोबरात बांगलादेशानं निर्यात थांबवली. आली ती पेंड किती, याचा आकडा मोठा नव्हता. पण बाजार आकड्याची वाट बघत नाही. अधिसूचनेनंतर प्लांटवाल्यांनी खरेदी ढिली केली, आणि नवा माल येईतो भाव पाच हजारांच्या आत-बाहेर आला. २० डिसेंबरला सोयाबीनचा वायदाही बंद केला गेला. आधी आमच्या फोनवर पुढच्या महिन्याचा भाव दिसायचा, तोही गेला.

पुढच्या वर्षी, ६ नोव्हेंबर २०२२ ला, शेतकरी नेते रविकांत तुपकर यांचा एल्गार मोर्चा बुलढाण्यात निघाला. सोयाबीनला साडेआठ हजार, कापसाला साडेबारा हजार, आणि सोयापेंडीची आयात बंद, अशा मागण्या होत्या. आमच्या गावातूनही लोक गेले होते. आकड्यांवर वाद घालता येईल. पण बुलढाण्याच्या रस्त्यावर डीओसी हा शब्द घोषणेत आला, याचं मला अप्रूप वाटलं. तोवर तो फक्त आमच्या वहीतला शब्द होता.

यावर गाळ्यात एकदा एक तरुण पोरगा तावातावानं म्हणाला, "मंग मोडून टाका ना करार!" मी त्याला म्हटलं, थांब. आपली पेंड कोण घेतं? वर्षाला वीस लाख टनांच्या आसपास पेंड आपण बाहेर विकतो, आणि बांगलादेश-नेपाळ त्यातली कायमची गिऱ्हाइकं. आपली पेंड अर्जेंटिनाच्या पेंडीपेक्षा बहुधा महाग असते. तरी ते घेतात, कारण अर्जेंटिनाहून घ्यायची तर अख्खं जहाज भरून घ्यावी लागते आणि दीड-दोन महिने वाट बघावी लागते. आपल्याकडून रेल्वेचा रेक मागवता येतो, ट्रकभरही मागवता येते, आठ दिवसांत पोचते. लहान कारखान्याला तेच परवडतं. शेजारपणाचा हा खरा फायदा, आणि तो करारानं नाही, नकाशानं दिलेला आहे. उद्या आपण दार लावलं आणि त्यांनीही लावलं, तर ती ऐंशी किलो पेंड कुठं नेणार?

करार असूनही दार कसं लागतं हे वरूड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना विचारा, किंवा आपल्याच जिल्ह्यातल्या सोनाळ्याच्या बागायतदारांना. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी संत्र्यावरची पट्टी २०१९ मध्ये किलोला २० टका होती ती वाढवत २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर नेली. साफ्टा असताना हे चालतं? चालतं. सवलतीबाहेरच्या मालाची यादी त्यांचीही आहे. शिवाय करारातली सूट मूळ सीमाशुल्काची असते. त्यावर पूरक शुल्क, नियामक शुल्क अशा नावांनी बांगलादेश जे लावतो ते वेगळं. संत्रं पिकलं की थांबत नाही. क्रेट परत फिरले ते देशातल्या मंडीत ओतले गेले आणि तिथला भाव पडला.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. कांद्याची निर्यात सप्टेंबर २०१९ मध्ये एका दिवसात बंद केली, पुढच्या सप्टेंबरात पुन्हा, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. पहिल्या बंदीनंतर थोड्याच दिवसांत बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. जाहीर कार्यक्रमात त्या हसत म्हणाल्या, की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलं आहे. लोक हसले. पण बांगलादेशानं त्यानंतर कांदा घरीच पिकवायचं मनावर घेतलं, आणि अधूनमधून आपल्या कांद्याला तेही दार लावतात. तिकडून इकडं येणाऱ्या हिलसा माशाचं असंच: २०१२ पासून निर्यातबंदी, आणि दुर्गापूजेच्या तोंडावर थोडी सूट. बंगाली माणूस सणाला मासा मिळाला म्हणून खूश. व्यापारी मात्र सणावर धंदा उभारू शकत नाही.

तुरीचं थोडक्यात सांगतो. आमच्याकडं सोयाबीनच्या पट्ट्यांत तूर असते, सोयाबीन गेलं तर तुरीवर भिस्त. म्यानमार हाही शेजारीच. त्याच्याशी २०२१ मध्ये समझोता झाला: पाच वर्षं दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. मोझांबिक आणि मलावीशीही तसेच समझोते झाले. हे एक लाख टन मला खुपत नाहीत, कारण आकडा आधी सांगितलेला आहे. खुपतं ते दुसरं: १५ मे २०२१ पासून तुरीची आयात सगळ्यांनाच खुली केली, आणि ती मुदत संपत आली की पुढं ढकलली जाते. शेतकऱ्यानं जूनमध्ये काय बघून पेरायचं?

भाव दूर कुठं तरी ठरणं आमच्याकडं नवं नाही. खामगावच्या रेल्वेचा इतिहास आमच्या भागात शाळेत सांगत नाहीत, सांगायला हवा. जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो येऊन सुरू करून गेले, वऱ्हाडचा कापूस लवकर बंदराला लागावा म्हणून. तेव्हा भाव लिव्हरपूलला ठरायचा. आज आपल्या रुईचं आणि सुताचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यानं भारताचं सूत जमिनीवरच्या नाक्यांतून घ्यायचं बंद केलं. मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून येतील असं ठरवलं. करार दोन्हीकडं जागेवरच होता. नुसता नाका बदलला.

आता पुढचं. नेपाळ आणि बांगलादेश हे दोन्ही देश नोव्हेंबर २०२६ मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचे आहेत, असं संयुक्त राष्ट्रांत ठरलेलं आहे. ती २५ वस्तूंची यादी अल्पविकसितांसाठीच होती, म्हणजे साफ्टातली ही सवलत तेव्हा नव्यानं मांडावी लागेल. बांगलादेशाशी वेगळ्या कराराची बोलणी पूर्वी सुरू झालेली होती, ती कुठं जातात ते संबंध कसे राहतात त्यावर. नेपाळचा वेगळा करार मात्र राहणारच, त्यामुळं टँकर आपोआप थांबतील असं धरून चालू नये. त्या बोलण्यांत चहा, ज्यूट, कपडे यांच्यासाठी बोलणारे असतील. १५०७ आणि १५११ या दोन आकड्यांसाठी कोणी तरी बसायला हवं, आणि शुल्क बदलायचं तर ते मृगाच्या आधी सांगा आणि माल घरात येईपर्यंत हलवू नका, एवढं तिथं बोलायला हवं. आमच्या खासदार-आमदारांना मी हे दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून द्यायला तयार आहे. तोवर माझ्या गाळ्यात पेंडीचा आणि तेलाचा भाव रोज सकाळी फळ्यावर लिहिलेला असतो. सोयाबीनचा भाव त्याच्या खाली.